नाव पेट्रोक्लसचं

“मग हे कुठाय यात?” आत्याने विचारलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात साय ट्वॉम्ब्ली या चित्रकाराची जी खोली आहे, तिथल्या बाकावर आत्या चपला काढून, पाय लांब करून बसली होती. उन्हाळ्यात ती साताऱ्याहून आमच्याकडे न्यू जर्सीला आली होती आणि तिला ‘सगळं’ दाखवायचा मी विडा उचलला होता. ती तडा गेलेली घंटा, लिबर्टी बेल, बघून झाली. रॉकी सिनेमामुळे प्रसिद्ध झालेल्या पायऱ्या गुडघ्यांपायी टाळून आम्ही मागच्या दाराने आत शिरलो. आधीच्या दालनांतून ती “छान आहे, छान आहे” म्हणत सरळ चालत सुटली होती. इथे थांबली तीही चित्रांसाठी नाही, बाकासाठी. मग समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, “काय लिहिलंय गं एवढं? वाच बघू.” मी नावं वाचली. अकिलीज, पेट्रोक्लस, हेक्टर. “कोण कुणाचा?” आता आली का पंचाईत! मग उभ्या उभ्या जमेल तेवढं ट्रॉयचं युद्ध सांगितलं. पेट्रोक्लस हा अकिलीजचा जिवलग. त्याला हेक्टरने मारलं, म्हणून अकिलीजने हेक्टरला मारलं. तरी राग शमेना, तेव्हा प्रेत रथाला बांधून रोज फरफटवलं. शेवटी हेक्टरचा म्हातारा बाप, ट्रॉयचा राजा प्रायम, रात्रीच्या अंधारात शत्रूच्या तळावर गेला. पोटच्या पोराला मारणाऱ्याच्या हातांचे त्याने मुके घेतले आणि प्रेत परत मागितलं. हे सांगताना माझा आवाज जड झाला, दरवेळी होतो. आत्याची नजर चारी भिंतींवरून फिरून आली आणि तिने तो प्रश्न विचारला.

नव्हतंच ते तिथे.

‘फिफ्टी डेज अ‍ॅट इलियम’ (इलियम म्हणजे ट्रॉयच) ही दहा चित्रांची मालिका ट्वॉम्ब्लीने १९७७-७८ मध्ये केली. रोमच्या उत्तरेला बासानो इन तेवेरिना नावाचं गाव आहे, तिथल्या जुन्या घरात. १९८९ मध्ये ती फिलाडेल्फियाला आली आणि तेव्हापासून तिला स्वतःची खोली आहे. पहिलं चित्र अकिलीजच्या ढालीचं, ते बाहेरच्या छोट्या जागेत एकटंच. आतल्या खोलीत बाकीची नऊ. एका अंगाला ग्रीक, दुसऱ्या अंगाला ट्रॉयवाले, आणि मध्ये अकिलीज, पेट्रोक्लस, हेक्टर या तिघांच्या छाया. बहुतेक चित्रं तीन मीटर उंचीच्या घरात, पण त्यांत माणूस औषधालाही नाही. लाकडी घोडा नाही, हेलनचं मुखकमल नाही, कुणाचा स्नायू नाही की शिरस्त्राण नाही. पांढुरका कॅनव्हास, त्यावर तेलरंगाचे लपके, रंगीत खडूचे आणि शिसपेन्सिलीचे फराटे, आणि नावं. ‘अकिलीजचा सूड’ म्हणजे नुसता एक उभा, टोकदार इंग्रजी ए, वर लाल होत गेलेला. हा ए त्याच्या इतका डोक्यात बसला होता की इलियम या शहराच्या स्पेलिंगमधला यू काढून त्याने तिथेही अकिलीजचा ए बसवला. ग्रीकांच्या बाजूला हे ए झुंडीने धावताना दिसतात, ट्रॉयच्या बाजूला रंग निवत जातात. लांबून सगळं हलक्या हाताने केल्यासारखं वाटतं. जवळ गेलं की कळतं, किती खोडाखोड आहे. एक नाव लिहिलंय, त्यावर पांढरा रंग फासलाय, रंग ओला असतानाच वर पुन्हा लिहिलंय, आणि खालचं पहिलं अक्षर अजून पुसट दिसतंय. कुठे खडू इतका दाबलाय की त्याची ढेकळं कॅनव्हासला चिकटून राहिलीत. एक लाल ओघळ खाली येता येता मध्येच वाळलाय. मी नाक लावायच्या अंतरावर गेले तशी पहारेकरी बाई खाकरल्या.

साय ट्वॉम्ब्ली जन्माने अमेरिकेच्या दक्षिणेतला, १९२८ सालचा, व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टन गावचा. १९५०च्या दशकात, न्यूयॉर्कच्या चित्रकारांचा दबदबा ऐन भरात असताना, हा पठ्ठ्या उलट्या दिशेने निघाला आणि १९५७ मध्ये रोमला जाऊन राहिला. त्याआधी सैन्यात होता, सांकेतिक लिपीच्या खात्यात. त्या दिवसांतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे तो रात्री दिवा मालवून अंधारात रेखाटनं करायचा. शिकलेला हात विसरावा, डोळ्यांनी हाताला हुकूम सोडू नये म्हणून. दिवसा सरकारसाठी लिपी आणि रात्री स्वतःसाठी ही दुसरी. रेघ काहीतरी ‘दाखवते’ हे त्याला मान्य नव्हतं. रेघ ओढतानाचा अनुभव म्हणजेच रेघ, अशा अर्थाचं त्याने १९५७ मध्ये एका इटालियन नियतकालिकात लिहून ठेवलंय. पुढे तो फारसं बोलला नाही. मुलाखती देणं त्याला आवडत नसे, घराविषयी, माणसांविषयी, दुखण्याखुपण्याविषयी चकार शब्द नाही. बोलला तो चित्रांवर लिहिलेल्या नावांतून. ऑर्फियस, लीडा, अपोलो, व्हीनस, पॅन, बॅकस. एका कागदावर तर अपोलोचं नाव आणि खाली त्याच्याशी जोडलेल्या गोष्टींची यादी, बस. स्वतःविषयी मुका असलेला माणूस आयुष्यभर दुसऱ्यांची नावं लिहीत राहिला, आणि तीही अशी की मनगटाचा दाब, घाई, कंटाळा, संताप, सगळं अक्षरात उतरावं. त्या खोलीत चित्रकाराचा ‘मी’ कुठेच नाही आणि तरी तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या युद्धाचं मला काही दिसत नाही, दिसतो तो एका माणसाचा हात.

हे आत्ता लिहिताना बरं वाटतंय, पण माझा ट्वॉम्ब्लीवर सदासर्वकाळ विश्वास बसतो असं नाही. कधी कधी वाटतं, हा माणूस होमरच्या, म्हणजे ट्रॉयच्या युद्धावर ‘इलियड’ हे महाकाव्य रचणाऱ्या ग्रीक कवीच्या, पुण्याईवर जगतोय. ‘हेक्टर’ असं लिहिलं की अर्धं काम झालं. ज्याने इलियड वाचलंय तो आपणहून गहिवरतो, ज्याने वाचलेलं नाही त्याला गिरगोट्या दिसतात, आणि चित्रकाराने दोघांसाठीही फार काही केलेलं नसतं. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला त्याची रोमन सम्राट कोमोडसवरची नऊ चित्रं लागली तेव्हा डोनाल्ड जड याने ती साफ निकालात काढली. जड स्वतः मोठा कलावंत, त्याचं सगळंच मत मत्सर म्हणून उडवून लावता येत नाही. आणि कोऱ्या जागेत माणसं काय काय भरतात त्याचा एक मासला तर कोर्टात गेला. २००७ मध्ये फ्रान्सच्या आविन्यों शहरात एका बाईने ट्वॉम्ब्लीच्या एका पांढऱ्या कॅनव्हासचा मुका घेतला, ओठांना लाल लिपस्टिक लावलेली असताना. म्हणाली, प्रेमाच्या भरात झालं, चित्रकाराला कळेल. गंमत म्हणजे ते चित्र ‘फीड्रस’ या मालिकेतलं, म्हणजे प्लेटोच्या प्रेमावरच्या संवादाचं नाव ल्यालेलं. कोर्टाने तिला मालकाला हजार युरो, संग्रहालयाला पाचशे आणि चित्रकाराला एक युरो द्यायला लावला. लिपस्टिक काही केल्या निघेना, ही तक्रार रास्तच होती. तरी त्या एका युरोवर मी पुष्कळ हसले आहे.

तर आत्या. “नाहीये ते यात,” मी शेवटी म्हणाले. ती काही वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “प्रेत मागायला गेला म्हणजे... त्याला किती वेळ बसवून ठेवलं?” मी म्हणाले, लगेच दिलं गं, पहाटेच्या आत. “मग बरं म्हणायचं. आमाला रातभर बसवलं. डॉक्टर नाही, कागद नाही, शिपाई सकाळी येणार. तुझा काका दारात उभा. नुस्ता उभा, रातभर. मी म्हटलं बसा, तर बसंना.” दादा, म्हणजे आत्याचा मुलगा, गेला तेव्हा मी शाळेत होते. मोटरसायकल, उसाची ट्रॉली, सातारा जिल्ह्यात दर हंगामात घडणारी गोष्ट. इतक्या वर्षांत आमच्या घरात त्या रात्रीबद्दल कुणी बोललं नव्हतं. दादाचा फोटो होता, त्याला हार होता, वर्षश्राद्ध व्हायचं. पण सरकारी दवाखान्याच्या दारात काका उभे होते हे मला माहीत नव्हतं, माझ्या वडिलांना होतं की नाही कुणास ठाऊक. आत्या रडली नाही. अंबाड्यातली पिन काढून परत खोचली आणि दादा लहानपणी कसा चिंचेवरून पडला होता ते सांगायला लागली, मग त्याची पहिली नोकरी, मग त्याच्या लग्नाचं कुठे बघत होते ते. दादाचं नाव तिने इतक्यांदा घेतलं. समोर अकिलीज, पेट्रोक्लस, हेक्टर.

मला प्रश्न पडला, हे इथेच का?

इलियडच्या एकोणिसाव्या सर्गात एक ओळ आहे. पेट्रोक्लसचं प्रेत तळावर आणलेलं असतं. ब्रिसेइस, जिच्यावरून सगळा तंटा पेटला ती युद्धात पकडून आणलेली बाई, त्याच्यावर पडून विलाप करते. तिचा नवरा, तिचे भाऊ, सगळे ग्रीकांनीच मारलेले. ती रडते तशा भोवतीच्या दासीही रडू लागतात आणि होमर अगदी जाता जाता सांगून जातो की त्यांनी नाव पेट्रोक्लसचं पुढे केलं होतं, रडत होती जी ती आपापल्या दुःखाला. एवढंच. पुढच्या ओळीला कवी अकिलीजकडे वळतो. त्या दासींना स्वतःच्या मेलेल्यांसाठी रडायची सोय नव्हती. मारणारेच आता धनी होते, त्यांच्यासमोर आपल्या भावाचं नाव कसं काढणार? पेट्रोक्लस मेला म्हणून त्यांना मोकळीक मिळाली.

हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. जात्यावर बसलेल्या बायांनी दुसरं काय केलं? हेमा राईरकर आणि गी पॉइतवॅं यांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्यांचा केवढा तरी मोठा ढीग आहे. गाणाऱ्या बाईला नवऱ्याविरुद्ध बोलता येत नव्हतं, सासूविरुद्ध तर नाहीच, भिंतीपलीकडे माणसं जागी असायची. पण रामाने सीतेला गरोदरपणी रानात सोडलं हे पहाटे चार वाजता मोठ्याने म्हणता येत होतं. कुणाची हरकत नव्हती, देवाचंच गाणं होतं ना! आमची आजी, म्हणजे आत्याची आई, दळताना सीतेबद्दल जे म्हणायची ते ऐकून आजोबा खुशीत मान डोलवायचे, असं आत्याच सांगते. त्यांना कळत नव्हतं असं मला वाटत नाही. कळून न कळल्यासारखं करता यावं, हीच त्या आडोशाची खुबी. सीता जवळची होती म्हणून तिचं दुःख आपलं झालं असं आपण म्हणतो. मला आता वाटतं, ती पुरेशी लांबची होती म्हणून सोय झाली. आत्याला प्रायम त्याहून लांबचा, इतका की त्याचं नावही तिला धड उच्चारता येत नाही.

ट्वॉम्ब्ली त्या दासींच्या रांगेतला, असं मी मनाशी धरून चालले आहे. त्याचं आपलं दुःख कोणतं, मी शोधायला गेले नाही, चित्रही सांगत नाही. पण तो मन घालून कुणापाशी थांबला ते दिसतं. १९६२ मध्ये, या मालिकेच्या कितीतरी आधी, त्याने पेट्रोक्लससाठी शोक करणारा अकिलीज काढला होता. ते चित्र पॅरिसच्या पॉंपिदू केंद्रात आहे. पांढऱ्यावर दोन तांबडे, घुसळलेले गोळे, एकमेकांपासून अंतरावर, आणि मध्ये पेन्सिलीचा धागा असावा तसं काहीतरी. मग सोळा वर्षांनी इलियमच्या मालिकेत त्या दोघांत तिसरा आला. हेक्टर, म्हणजे एकाला मारणारा आणि दुसऱ्याने मारलेला. मधल्या भिंतीवरचे ते तीन ढग. अकिलीजच्या ढगात लाल धग अजून आहे, पुढे ती विझत विझत हेक्टरपाशी पांढुरकी होऊन जाते. त्यात एक गोष्ट अशी की इलियड संपतं तेव्हा अकिलीज जिवंत असतो. त्याचा मृत्यू त्या काव्यात नाहीच, घोडाही नाही, शेवट हेक्टरच्या अंत्यसंस्काराने होतो. ट्वॉम्ब्लीने अलेक्झांडर पोपचा अठराव्या शतकातला इंग्रजी अनुवाद घोटून वाचला होता, त्याला हे माहीत नव्हतं असं होणं शक्य नाही. तरी त्याने अकिलीजला मेलेल्यांमध्ये नेऊन बसवलं, आणि मला ते अचूक वाटतं. तेविसाव्या सर्गात पेट्रोक्लसचं भूत झोपेत येतं, अकिलीज त्याला कवटाळायला हात पसरतो आणि ते धुरासारखं जमिनीत निघून जातं. त्यानंतर हा माणूस खेळ भरवतो, बक्षिसं वाटतो, प्रेत फरफटवतो, पण कशातच नसतो. आमचे काका पुढे अकरा वर्षं जगले. शेतात जायचे, पंचायतीत जायचे, चहा प्यायचे. ते त्या भिंतीवर कुठल्या रंगात बसतील हे मला विचारू नका, मला माहीत आहे.

राहता राहिला प्रायम. मालिकेत प्रायमचं घराणं आहे, नावांची यादी आहे, पण ती रात्र नाही. आधी मला तो ट्वॉम्ब्लीचा कच्चेपणा वाटला, कारण सबंध इलियडमधला माझा सर्वांत लाडका भाग तोच. नंतर वाटलं, गिरगोट्यांत संताप मावतो, आग मावते, विझणं मावतं. दोन माणसांनी समोरासमोर बसणं मावत नसावं. त्यासाठी शरीरं लागतात. गुडघे, हात, खाट, सुरी. ज्यांच्याकडे ती होती त्यांनी ते काढलंय. व्हिएन्नाच्या संग्रहालयात इसवी सनापूर्वी ४९०च्या आसपासचा, अथेन्समधला एक मातीचा प्याला आहे, ज्याला ब्रिगॉस चित्रकार म्हणतात त्याच्या हातचा. अकिलीज खाटेवर आरामात लवंडलाय, हातात सुरी, समोरच्या मेजावरून मांसाच्या लांब पट्ट्या खाली लोंबतायत. डावीकडून पांढऱ्या केसांचा प्रायम येतोय. आणि खाटेखाली, त्या मांसाच्या बरोबर खाली, हेक्टरचं उघडं प्रेत. बघवत नाही. चित्रकार म्हणून तो ट्वॉम्ब्लीच्या शंभर पावलं पुढे आहे असं मला ते बघताना वाटतं, आणि फिलाडेल्फियाला गेलं की वाटत नाही.

त्या प्याल्याचा फोटो मी आत्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. रात्री फोन आला. कोण कुठला ते आधी समजावून घेतलं. मग विचारलं, “हा जेवतोय का?” मी सांगितलं, गोष्टीत दोघं जेवतात. रडून झाल्यावर अकिलीज म्हाताऱ्याला म्हणतो, नायोबी नावाच्या बाईची बारा मुलं एका दमात गेली, तिनेसुद्धा शेवटी अन्न घेतलं, तूही घे. मग स्वतः उठून पांढरी मेंढी कापतो. म्हणजे अकिलीजलाही स्वतःचं बोलायला कुणीतरी तिसरी, जुन्या गोष्टीतली बाई लागली, हे मी आत्याला सांगणार होते, पण तिचं लक्ष जेवणात होतं. “कडू घास,” ती म्हणाली. “आमच्याकडं पिठलं-भात शेजारनं आणला होता. तुझ्या आईनं मला भरवला, आठवतंय. गिळत नव्हता.” मग चष्मा लावून फोटो पुन्हा बघितला असणार, कारण थोड्या वेळाने म्हणाली, “पण ते पोरगं खाली ठेवलंय तिथंच? म्हाताऱ्यासमोर?” मी म्हणाले, होमरने तसं लिहिलेलं नाही. त्यात अकिलीज दासींना सांगतो, प्रेत बाजूला नेऊन धुवा, तेल लावा, बापाच्या नजरेला पडू देऊ नका. बघून त्याचा तोल गेला तर माझाही जाईल आणि माझ्या हातून तो मरेल.

“मग गोष्टीतलंच खरं,” आत्या म्हणाली. “खाटंखाली असतं तर एक घास उतरला नसता. ह्या प्यालावाल्याच्या घरात कुणी गेलेलं दिसत नाही.”